काविळीचा माग

डोळे पिवळे दिसूं लागले आणि अन्नावरची वासना उडाली, कीं आपल्या घरांतील वडील माणसें रोगाचें नांव तत्काळ सांगतात. तेलतिखट बंद होतें, उंसाचा रस येतो आणि कावीळ उतरविणाऱ्याकडे कोणीतरी धाडलें जातें. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत बरे होतात व यश त्या उताऱ्याला मिळतें. वस्तुतः अशी कावीळ बहुधा आपली आपणच ओसरते. परंतु सर्वांचीच ओसरत नाहीं, आणि ज्यांची ओसरत नाहीं त्यांत गर्भवती स्त्रियांचा भरणा फार असतो. असें कां व्हावें, या प्रश्नाचा माग काढतां काढतां शास्त्रज्ञांना एका अज्ञात विषाणूचा शोध लागला. त्या शोधांत आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. त्याचा हा वृत्तांत.

यकृताला सूज आणणारे विषाणु दोन जातींचे असावेत, हें विसाव्या शतकाच्या मध्याला वैद्यांना कळून चुकलें होतें. एक तोंडावाटे पोटांत जाणारा व दुसरा रक्तावाटे शिरणारा. १९४७ सालीं मॅक्कॅलम या इंग्रज संशोधकानें त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशीं नांवें सुचविलीं. त्यांपैकीं कोणताच विषाणु तोंवर कोणाच्या दृष्टीस पडलेला नव्हता.

पुढें १९५५ सालीं दिल्लीवर आपत्ति आली. यमुनेला पूर येऊन गेल्यावर नजफगड नाल्याचें घाण पाणी, वजिराबाद येथें शहरासाठीं नदीचें पाणी जेथून उचलतात, तेथपर्यंत मागें फिरलें. नोव्हेंबर महिन्यांत कांहीं दिवस हें मिश्रण नळांना गेलें. अधिकाऱ्यांनीं तुरटी व क्लोरिन यांचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वराची सांथ उसळली नाहीं. पण डिसेंबरांत कावीळ सुरू झाली आणि पुढील जानेवारी सरेपर्यंत सुमारें २९,३०० लोक पिवळे पडले. नाला फिरला तो दिवस आणि रोग उमटला तो दिवस यांत पांचसहा आठवड्यांचें अंतर होतें. विषाणु शरीरांत शिरून गुपचूप वाढत असतो तो हाच काळ. डॉ. विश्वनाथन् यांनीं या सांथीचा कसोशीनें तपास केला आणि त्याचा वृत्तांत १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. गर्भवती स्त्रियांत रोग अधिक उग्र होतो व मृत्यूही अधिक होतात, ही गोष्ट त्यांत स्पष्ट नमूद आहे.

रोग पाण्यांतून आला, तेव्हां तो ‘अ’ विषाणूचाच, असें सर्वांनीं गृहीत धरलें. पंचवीस वर्षें ही समजूत टिकली. खरें पाहतां तिच्यांत एक गांठ सुटत नव्हती. आपल्या देशांत त्या काळीं ‘अ’ विषाणु बहुतेक प्रत्येक मुलाला बाळपणींच गांठीत असे, आणि एकदां तो येऊन गेला कीं जन्मभर संरक्षण राही. मग दिल्लींत आजारी पडले ते मुख्यतः तरुण स्त्रीपुरुष कसे?

हा प्रश्न सोडविण्याचें साधन पुढें हातीं आलें. १९७३ सालीं अमेरिकेंत ‘अ’ विषाणु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला व रक्तांतील त्याच्या खुणा ओळखण्याची रीत निघाली. इकडे पुण्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनीं १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र स्थापन केलें होतें. तेंच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखलें जाऊं लागलें. डॉ. खुर्शेद पावरी या तेव्हां संस्थेच्या संचालिका होत्या, आणि डॉ. श्रीनिवासन् हे काविळीच्या सांथींचा अभ्यास करीत होते. त्यांनीं व अमेरिकेंतील डॉ. वोंग, डॉ. पर्सेल प्रभृतींनीं मिळून दिल्ली, अहमदाबाद व पुणें येथील सांथींतल्या रोग्यांचे राखून ठेविलेले रक्तद्रव तपासले. ‘अ’ विषाणु पूर्वीं केव्हांतरी येऊन गेल्याची खूण त्यांत होती. परंतु नुकत्या झालेल्या संसर्गाची खूण नव्हती. ‘ब’ विषाणूलाही दोष देतां येईना. निष्कर्ष एकच उरला : हा रोग तिसऱ्याच कोणाचा. १९८० सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं काश्मीर खोऱ्यांतील १९७८ च्या सांथीवरून डॉ. महंमद सुलतान खुरू हेही स्वतंत्रपणें याच निर्णयाला येऊन पोंचले. चोवीसपंचवीस वर्षें जपलेल्या त्या कुप्यांनीं एका दृढ झालेल्या समजुतीचा निकाल लावला. जुना नमुना टाकून न देणें हेंही शास्त्राचें एक व्रतच म्हटलें पाहिजे.

गुन्हेगार दुसरा आहे हें कळलें. पण तो कोण, हें ठरावयाचें होतें. १९८३ सालीं रशियांतील डॉ. बालायान यांनीं रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्राशन केला. छत्तिसाव्या दिवशीं त्यांना कावीळ झाली, आणि त्यांच्या विष्ठेंत विषाणूचे सूक्ष्म गोल कण दिसले. पुण्यांत डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांचे सहकारी यांनीं तसेच कण सांथींतील रोग्यांत ओळखले व माकडांत रोग उत्पन्न करून त्यांचा संबंध दाखविला. हें काम १९८८ सालीं प्रसिद्ध झालें. अखेर १९९० सालीं अमेरिकेंत विषाणूची अंतर्रचना उलगडली आणि त्याला ‘ई’ हें नांव मिळालें. चांचणी हातीं येतांच डॉ. अरणकल्ले यांनीं देशांतील सांथींचे रक्तद्रव पुन्हां तपासले. काविळीच्या मोठ्या सांथींच्या मुळाशीं बहुधा हाच ‘ई’ विषाणु होता, हें त्यावरून ठरलें. पुण्यांतील निरनिराळ्या वयाच्या लोकांच्या तपासणींत आणखी एक गोष्ट दिसली : ‘अ’ची खूण बाळपणींच उमटते, ‘ई’ची मुलांत विरळ असून तारुण्यांत वाढत जाते. दिल्लीची गांठ येथें सुटली.

गर्भवती स्त्रियांचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाहीं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत या रोगानें दगावण्याचें प्रमाण शेंकडा २० ते २५ पर्यंत जातें. त्याचें नेमकें कारण अद्याप वादांत आहे. नेपाळांत सैनिकांवर एका लशीची परीक्षा झाली व २००७ सालीं तिचें यश जाहीर झालें. पण ते सैनिक जवळजवळ सर्व पुरुष होते आणि ती लस बाजारांत आलीच नाहीं. चीननें आपली लस २०११ सालीं मान्य केली. प्रत्यक्ष सांथींत, गर्भवतींसह सर्वांना, ती प्रथम टोंचली गेली ती २०२२ सालीं दक्षिण सुदानांतील बेंटियू येथें. ज्यांना धोका सर्वांत अधिक, त्यांच्यापर्यंत उपाय सर्वांत शेवटीं पोंचतो, हें या इतिहासाचें उणें होय.

तोंवर आपला आधार म्हणजे पाणीच. दिल्लीची कथा केवळ राजधानीची समजूं नये. धाराशिव जिल्ह्यांत, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर असलेल्या जळकोटासारख्या गांवालाही ती तितकीच लागू आहे. आड नासला तर त्याच्यावर पाणी भरणारीं घरें आजारी पडतात; नळ आला कीं सगळें गांव एकाच धाग्यांत ओंवलें जातें. पाणी दिवसाआड येत असेल तर मधल्या वेळांत नळी रिकामी होते आणि गटाराशेजारच्या फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आंत ओढली जाते. पाणी गढूळ असेल तर क्लोरिनचेंही बळ कमी पडतें. म्हणून नळाची नळी गटारापासून दूर ठेवणें, फुटलेला सांधा त्याच दिवशीं जोडणें, आणि शंका येतांच पाणी खळखळून उकळणें, हीं कामें लहान दिसलीं तरी लहान नव्हेत. ज्या घरांत गर्भवती स्त्री आहे तेथें तर पाणी उकळण्याला शंकेचीही वाट पाहूं नये.