पाचाचा आकडा

दिवाळीत विंचूरला चहाच्या टपरीवर आम्ही प्रोग्रॅमर मित्र जमलो की गप्पा स्पॅमवर येतातच. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्युर्कने अर्पानेटवर सुमारे ४०० जणांना एकदम कॉम्प्युटरची जाहिरात पाठवली, तो पहिला स्पॅम. यावर सगळे हसतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज एका वेळी पाचच चॅटना का जातो, हे निघालं की चहा निवतो. १ जुलै २०१८, शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवर फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं! अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात भारतापुरता तो पाचाचा आकडा आला. जगाला तेव्हा वीसची मुभा होती. ती पाचवर आली जानेवारी २०१९ मध्ये.