हसीदी निगून आणि स्त्रियांचा कंठ

अठराव्या शतकात पूर्व युरोपातील पोडोलिया प्रांतात, बाल शेम टोव्ह (मृत्यू १७६०) यांच्या शिकवणुकीतून यहुदी समाजात जो भक्तिपंथ उदयास आला, तो हसीदी पंथ होय. शास्त्राध्ययनाच्या बरोबरीने या पंथाने गायनास ईश्वरप्राप्तीचे साधन मानले. त्यांच्या धुनीस निगून म्हणतात. आपल्या ‘निर्गुण’ शब्दाशी त्याचे नाते केवळ ध्वनीचे. तथापि पुष्कळ निगूनांत शब्दच नसतात, काही निरर्थक अक्षरांवर सारी धून चालते, हे पाहता हा योगायोग मराठी वाचकास मौजेचा वाटावा.

धुनी कोठून घ्याव्या याविषयी हसीदी गुरूंनी सोवळे पाळले नाही. कालिव्हचे गुरू यित्झाक आयझॅक टाउब (१७५१–१८२१) यांनी हंगेरीतील मेंढपाळांचे गीत आपलेसे केले. खाबाद शाखेचे संस्थापक श्नेऊर झाल्मान (१७४५–१८१२) यांनी नेपोलियनच्या सैन्याची कूचधून स्वीकारली, अशी त्यांच्या अनुयायांची परंपरा सांगते. त्यांचीच चार खंडांची एक धून विवाहासारख्या मोजक्या प्रसंगीच गातात. गुराखी आणि शत्रुसैनिक यांच्या कंठातील सूर असा पवित्र ठरला. स्त्रीच्या कंठाची वाट मात्र वेगळी होती.

तालमूदच्या ‘बेराखोत’ प्रकरणात शमुएल या आचार्याचे मत नोंदले आहे, की स्त्रीचा आवाज हा तिच्या आच्छादनीय अंगासारखाच होय. या वचनाची व्याप्ती किती, यावर पुढील धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील एका युवकसंघटनेत मुलामुलींनी एकत्र धर्मगीते गाण्यास येखिएल याकोव्ह वाइनबर्ग या पंडितांनी अनुमती दिली होती. परंतु हसीदी समाजाने कडक अर्थच धरला: परपुरुषाने स्त्रीचे गाणे ऐकू नये. स्त्रियांनी स्त्रियांपुढे गाण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही.

या नियमाचा इतिहासलेखनावर झालेला परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. १९४४ साली योसेफ यित्झाक श्नेअरसोन यांच्या प्रेरणेने खाबाद धुनींच्या संकलनासाठी एक मंडळ स्थापन झाले. श्मुएल झाल्मानोव्ह यांनी नेटाने धुनी मिळवून स्वरलिपीसह छापल्या. पुढे ध्वनिमुद्रिकाही निघाल्या, त्यांत पुरुषांचेच वृंद गातात. हे कार्य मोलाचे खरे. पण संकलक पुरुष, आणि परस्त्रीचे गाणे ऐकणे त्यास निषिद्ध! मग आईने मुलीला ऐकवलेली धून, तिने घेतलेले वळण, लिहून घ्यावे कोणी? ग्रंथात स्त्रिया नाहीत म्हणून त्या गात नव्हत्या, हे अनुमान साफ चुकीचे आहे.

एलन कोस्कॉफ या अमेरिकन संगीतसंशोधिकेस ही अडचण नव्हती. खाबाद समाजात अनेक वर्षे वावरून त्यांनी लिहिलेला ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्त्रियांच्या गायनास स्थान मिळाले. विवाहापूर्वीच्या शब्बाथ दिवशी वधूभोवती तिच्या मैत्रिणी व आप्तस्त्रिया जमतात. या मेळाव्यास यिद्दिशमध्ये ‘फोरश्पील’ म्हणतात. तेथे पुरुष नसतात आणि धुनी मोकळ्या गळ्याने गाइल्या जातात. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीची येथे आठवण होते. फरक इतकाच, की ओवी माजघराबाहेर ऐकू गेली तर कोणी दोष मानीत नसे. आपल्या कोकणातून मुंबईस आलेल्या बेने इस्राएलांनी १८८० पासून बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचली. त्यांतील पदे पुढे बव्हंशी स्त्रियांच्या कंठातच टिकली, ही गोष्टही येथे नोंदण्यासारखी आहे.

फोरश्पीलची ही बैठकच पुढे सभागृहात आली, असे मला वाटते. स्त्रियांच्या संमेलनांतून निगून समूहाने गाइले जाऊ लागले. तिकीट लावून केवळ स्त्रियांसाठी जलसे होऊ लागले. ब्रुकलिनच्या क्राउन हाइट्स वस्तीतील दोन हसीदी स्त्रियांनी २०११ साली ‘बुलेटप्रूफ स्टॉकिंग्ज’ हा वाद्यवृंद काढला. निगूनांचा संस्कार त्यांनी नव्या पाश्चात्त्य ढंगाच्या संगीतात आणला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध गानगृहात त्यांचा कार्यक्रम झाला. त्या रात्री प्रेक्षागृहात फक्त स्त्रियांना प्रवेश होता.