पडद्यावरचे भोक

थोरल्या मावशीच्या डोळ्याचा पडदा सुटला, तेव्हा डॉक्टरांनी केसपेपरवर एक वर्तुळ काढले. जागेवरचा पडदा लाल पेन्सिलीने रंगवला, सुटलेला निळ्या. घड्याळात अकरा वाजतात त्या जागी घोड्याच्या नालासारखी खूण केली. ‘‘भोक इथे आहे. ते बुजले की पडदा बसेल,’’ एवढेच म्हणाले. मी वैद्यक शिकलेलो नाही. पण हे साधे वाक्य वैद्यकाला पटायला किती काळ लागला, याचा शोध घेत गेलो आणि पुस्तकांतून स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी पोचलो.

जिवंत माणसाचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, नीट पाहण्याची सोय जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे १८५१ च्या सुमारास झाली. सुटलेला पडदा आता दिसू लागला, पण बरा करता येईना. रोग्याला डोळे बांधून आठवडेच्या आठवडे उताणे निजवत. पडद्यामागचे पाणी सुईने काढत. ते पुन्हा साचे. १९१२ साली अमेरिकेतील डेरिक व्हेल यांनी आपल्या व्यवसायबंधूंकडे चौकशी केली, तेव्हा हजारात जेमतेम एक रोगी बरा होतो असे निघाले.

पडद्याला पडलेली भोके काही डॉक्टरांना त्याआधीच दिसली होती. लेबर यांच्यासारख्या जर्मन तज्ज्ञाने त्यांचे महत्त्वही सांगितले होते. पण बहुतेकांचे म्हणणे असे, की भोक हा रोगाचा परिणाम, कारण नव्हे; शिवाय ते प्रत्येक डोळ्यात सापडतही नाही.

लोझानच्या अंधांसाठीच्या रुग्णालयातील ज्यूल गोनँ (१८७०–१९३५) यांनी नेमका हाच मुद्दा धरला. भोक सापडत नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही, पुन्हा शोधा. डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा पदार्थ आक्रसतो, जिथे तो पडद्याला चिकटलेला असतो तिथे ओढ बसते, पडदा फाटतो आणि फटीतून पाणी मागे शिरते, असा त्यांचा विचार. मग नुसते पाणी काढून काय उपयोग? छपराचे भोक तसेच ठेवून घरातले पाणी उपसण्यासारखेच ते.

ते तासन्‌तास डोळा तपासत, पडद्याचे चित्र काढत, भोकाची जागा मोजून डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर खूण करत. तेवढ्याच जागी तापवलेले टोक खुपसून पाणी बाहेर सोडत. डागलेल्या जागी व्रण धरे आणि भोक बुजे. १९१९ च्या सुमारास त्यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली. सहकाऱ्यांनी अविश्वास दाखवला. अखेर १९२९ च्या ॲम्स्टरडॅममधील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती मान्य झाली. ज्या रोगात हजारात एक बरा होई, त्यात आता निम्म्याच्या आसपास रोग्यांचा पडदा बसू लागला.

पुढे साधने बदलली. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रोगी पाहिल्यावर मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांना वाटले, की हाच प्रकाश मोजूनमापून वापरला तर? आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा आणि त्यानंतर लेझर आला. पडदा फाटला असला तरी अजून सुटला नसेल, तर त्या फटीभोवती आज लेझरचे डाग देतात. सुटलेल्या पडद्यासाठी बाहेरून पट्टा बसवणे आणि १९७० च्या दशकापासून आतली जेली काढणे, असे मार्ग आले. पहिले काम मात्र गोनँ यांचेच राहिले: भोक शोधणे. त्यांचे शिष्य मार्क ॲम्स्लर यांनी पडद्याच्या चित्रांसाठी नकाशा रूढ केला. मावशीच्या केसपेपरवरचे वर्तुळ त्याच घराण्यातले.

मावशीचा पडदा बसला. वाचण्यापुरती नजर मात्र आली नाही. आधी आठ दिवस तिला डोळ्यापुढे विजा चमकत होत्या, काळे ठिपके तरंगत होते, मग एका बाजूने सावली चढत आली. दुखत काहीच नव्हते, म्हणून दिवाळीची कामे उरकून जाऊ, असे ती म्हणाली आणि आम्हीही मान डोलावली. तोवर पडद्याचा मधला, बारीक अक्षरे वाचणारा भागही सुटला होता. भोक शोधायला लावण्यासाठी गोनँ यांनी उभे आयुष्य घालवले. आम्हाला फक्त आठ दिवस आधी निघायचे होते.