सांबर 'बोललं' म्हणजे नेमकं काय झालं?



नागपूरहून पेंचला किंवा ताडोब्याला गेला असाल तर हा अनुभव तुम्हालाही असेल. गाईड अचानक हात वर करतो, ड्रायव्हर गाडी बंद करतो आणि सगळे कान टवकारून बसतात. "कॉल आहे!" माझ्या पहिल्या फेरीत मी हळूच विचारलं, "दादा, चितळ ओरडतंय ना? म्हणजे वाघ?" ते म्हणाले, "चितळाचं काही खरं नाही जी. सांबर बोललं का पक्कं समजा."

'बोललं' हा शब्द माझ्या डोक्यात असा काही बसला की पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्याच्या शीर्षकातच मी 'प्राण्यांची भाषा' लिहून मोकळी झाले. समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "भाषा म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा." मला सांगता आलं नाही. आराखडा परत आला. पुढचे सहा महिने मी या प्रश्नाचा इतिहास वाचत होते. तो आधी वाचला असता तर ते सहा महिने वाचले असते, म्हणून आज तुमच्यासाठी लिहितेय.

आधी निरीक्षण, मग प्रयोग

आपल्या भागातल्या जंगलावरचं लेखन जुनं आहे. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती त्या काळात फोरसिथ (1871) आणि डनबार ब्रँडर (1923) यांची मध्य भारतातल्या वन्यजीवांवरची पुस्तकं आली. ही मंडळी वनखात्यातली आणि शिकारीही. पुढे 1963 ते 1965 या काळात जॉर्ज शॅलर कान्हात राहिले. त्यांनी बंदूक न घेता, वही घेऊन वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. 1989 मध्ये पॉल न्यूटन यांचा कान्हातल्याच वानर आणि चितळांच्या सोबतीवरचा शोधनिबंध आला. वानरं झाडावरून पाला-फळं खाली टाकतात, ती चितळं खातात आणि धोक्याच्या वेळी एकमेकांच्या आवाजाचा फायदाही होतो.

पण इथे एक अडचण आहे. वानर खोकलं आणि चितळ पळालं. चितळाने वानराचं ऐकलं, की त्यालाही वाघाचा वास आला? नुसतं बघून हे वेगळं करता येत नाही.

ही गाठ केनियातल्या अंबोसेलीत सुटली. तिथल्या व्हर्व्हेट माकडांचे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी आवाज वेगवेगळे आहेत, हे स्ट्रूसेकर यांनी 1967 मध्ये नोंदवलं होतं. 1980 मध्ये सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी ते आवाज लपवलेल्या स्पीकरवरून ऐकवले. आसपास शिकारी प्राणी नव्हताच. तरी बिबट्याच्या आवाजाला माकडं झाडावर पळाली, गरुडाच्या आवाजाला वर पाहिलं, सापाच्या आवाजाला खाली. म्हणजे प्रतिसाद आवाजालाच होता. निरीक्षण आणि प्रयोग यांत 13 वर्षांचं अंतर आहे, हे लक्षात ठेवा.

मीही असाच प्रयोग मांडला होता, सांबराचं एकच रेकॉर्डिंग वीस वेळा वाजवायचं. वाटलं, नमुना वीसचा झाला! डोनाल्ड क्रूड्स्मा यांनी 1989 मध्येच या चुकीवर बोट ठेवलं होतं. एक रेकॉर्डिंग म्हणजे एकच सांबर. त्यावरून 'सांबरांबद्दल' निष्कर्ष निघत नाही. आवाजाबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या सांबरांची रेकॉर्डिंग हवीत.

'भाषा'चे तुकडे

आता सरांचा प्रश्न. 1960 मध्ये चार्ल्स हॉकेट यांनी 'प्राण्यांना भाषा असते का?' हा प्रश्नच फोडला. त्यांनी भाषेची 13 वैशिष्ट्यं मांडली आणि एकेका प्राण्याबाबत प्रत्येक वैशिष्ट्य तपासलं. हॉकेट कॉर्नेल विद्यापीठात होते. आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1958 मध्ये त्याच विद्यापीठातून मराठीच्या वर्णव्यवस्थेवर आणि पदरचनेवर पीएच.डी. केली. म्हणजे ही चर्चा मराठीपासून फार लांब नव्हती.

दोन वैशिष्ट्यं पाहू. पहिलं, समोर नसलेल्या गोष्टीबद्दल सांगता येणं. सांबराला 'काल इथे वाघ होता' असं सांगता येत नाही. पण मधमाशीला थोडं जमतं. पोळ्यावर नाचून ती दूरच्या फुलांची दिशा आणि अंतर सांगते. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल वाटून मिळालं.

दुसरं, अर्थ नसलेल्या थोड्या ध्वनींपासून हजारो शब्द घडवणं. 'कमल' आणि 'कलम' यांत क, म, ल तेच आहेत, फक्त क्रम बदलला आणि फुलाची लेखणी झाली. मधमाशीच्या नाचात हे नाही, सांबराच्या भुंकण्यातही नाही.

पण भिंत पक्की आहे असंही समजू नका. जपानी टिट या पक्ष्यावर सुझुकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये काम प्रसिद्ध केलं. हा पक्षी 'सावध रहा' आणि 'जवळ या' असे दोन कॉल ठरलेल्या क्रमाने जोडतो. क्रम उलटा करून ऐकवला तर बाकीचे पक्षी तसा प्रतिसाद देत नाहीत. ध्वनींपासून शब्द घडवणं हे नव्हे, पण जोडणी नक्कीच आहे.

मग शीर्षकाचं काय झालं?

'भाषा' शब्द काढला. आता शीर्षकात 'धोक्याचे आवाज आणि त्यांना मिळणारा प्रतिसाद' आहे. छोटं वाटतं, पण मोजता येतं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गाईडदादांच्या वाक्यातला मी 'बोललं' तेवढा उचलला आणि खरा मुद्दा सोडला. चितळ कशालाही ओरडतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे कोणाच्या कॉलमागे खरंच वाघ-बिबट निघतो आणि किती वेळा, हे मोजा. तपासता येणारं गृहीतक त्यांनी पहिल्याच दिवशी हातात दिलं होतं!

तेव्हा आराखडा लिहिताना शीर्षकातला सगळ्यात मोठा शब्द शोधा आणि तो एका वाक्यात सांगता येतो का ते बघा. नाही आलं, तर समितीच्या आधी तुम्हीच तो काढा.