शिवाजीची शिडी

आमच्या नंदुरबारकडे ‘थंड हवेचं ठिकाण’ म्हटलं की तोरणमाळ. मुंबईकडे म्हटलं की माथेरान, नाहीतर महाबळेश्वर. माझं माहेर तिकडचं आणि संसार इकडचा, त्यामुळे दोन्ही पक्षांत माझी ऊठबस आहे. तोरणमाळचा यशवंत तलाव भारी की माथेरानचं शार्लोट लेक, यावर आमच्या घरात दर दिवाळीला फराळाच्या ताटांवरून वाद होतो आणि दर वर्षी तो अनिर्णित राहतो. असो.

मागच्या सुट्टीत भाचा आला होता. अकरावीला आहे, इतिहास सोडून सगळे विषय आवडतात. माथेरानचा नकाशा बघता बघता त्याने विचारलं, “आत्या, या वाटेला शिवाजीची शिडी का म्हणतात? महाराज माथेरानला आले होते?” प्रश्न साधा होता. ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते तरी चाललं असतं. पण मग मीच त्यात अडकले, आणि आता तुम्हा सगळ्यांना अडकवते आहे.

आधी वाट कुठली ते सांगते. माथेरानच्या दक्षिणेकडच्या अंगाला ‘वन ट्री हिल’ नावाचा पॉइंट आहे. डोंगरापासून थोडी सुटलेली टेकडी आणि तिच्यावर एकच झाड, म्हणून हे नाव. साहेब नावं ठेवताना फार डोकं चालवत नसे हे यावरून कळतं. या टेकडीच्या आणि मुख्य पठाराच्या मधल्या बेचक्यातून एक वाट खाली आंबेवाडीकडे, तिथून पुढे चौक गावाकडे उतरते. हीच ती शिडी. समोर प्रबळगड, त्याच्या शेजारी इर्शाळगडाचा सुळका, खाली मोरबे धरणाचं पाणी. वाट चांगलीच उभी आहे. काही ठिकाणी पायांबरोबर हातही वापरावे लागतात, आणि उतरताना तोंड डोंगराकडे करावं की दरीकडे, हा विचार प्रत्येकाला एकदा तरी पडतोच.

नावाबद्दल पर्यटकांना जी गोष्ट ऐकवतात ती अशी, की महाराज या वाटेने शिकारीसाठी वर येत. मला ती गोष्ट पटत नाही. शिकारीसाठी निवांत डोंगर चढायला महाराजांना कितीशी फुरसत मिळाली असेल? पण म्हणून महाराजांचा या मुलखाशी संबंधच नाही असंही नाही. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात मुरंजन नावाचा एक किल्ला आहे. मुरंजन म्हणजेच या शिडीवरून समोर दिसणारा प्रबळगड. आणि खोपोलीजवळची उंबरखिंड तर इथून फार लांबही नाही. २ फेब्रुवारी १६६१ला कारतलबखान मोठी फौज घेऊन त्या जंगलातून कोकणात उतरत होता. महाराजांनी त्याला खिंडीत पुरता आत येऊ दिला आणि मग दोन्हीकडून कोंडला. हत्यारं ठेवून निघून जायची पाळी त्याच्यावर आली. त्या लढाईत तोफांपेक्षा, घोड्यांपेक्षा उपयोगी पडली ती वाटांची माहिती. कुठली वाट कुठे निघते, कुठे अरुंद होते, कुठे पाणी आहे. ही माहिती कागदावर नव्हती, तिथल्या माणसांच्या पायात होती.

तेव्हा एका उभ्या पायवाटेला त्यांचं नाव चिकटावं यात नवल नाही. ते अमुक एका दिवशी अमुक वाटेने गेले म्हणून नव्हे, तर असल्या वाटांवर ज्याची हुकमत होती असा माणूस म्हणून लोकांना तेच आठवतात म्हणून.

नावातला दुसरा शब्द, ‘शिडी’, मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. सह्याद्रीत वाटांची नावं कशी पडतात ते पाहिलं की गंमत वाटते. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन वाटांपैकी एक गणेश घाट आणि दुसरी शिडी घाट, कारण तिथे खरोखरच शिड्या आहेत. लिंगाण्याच्या बाजूला निसणीची वाट आहे. निसणी म्हणजेही शिडीच. हरिश्चंद्रगडाला माकडनाळ आहे, म्हणजे इथून जायचं तर माकड व्हा. नाणेघाटाचं नाव जकातीच्या नाण्यांवरून आलं असं सांगतात आणि तिथला दगडी रांजणही दाखवतात. मढे घाटाचं नाव तर काळजाला हात घालणारं आहे. १६७० साली सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले, त्यांचं शव याच घाटाने खाली उमरठ्याला नेलं, म्हणून मढे घाट, अशी परंपरा आहे.

बघा ना, यातलं एकही नाव शोभेसाठी ठेवलेलं नाही. वाट कशी आहे, तिच्यावरून काय जातं, तिथे काय घडलं, एवढंच ते सांगतं. पुढे येणाऱ्याला सावध करणारं नाव. ‘शिडी’ म्हटलं की डोक्यावर किती ओझं घ्यायचं ते निघण्याआधीच ठरतं.

आणि पहिला शब्द? त्याची रीतही जुनीच आहे. डोंगरात माणसाच्या हातून होणार नाही असं काही दिसलं की आपली माणसं ते कुणातरी मोठ्याच्या नावावर टाकतात. कोरलेली लेणी दिसली की पांडवांची. दगडातलं न्हाणीघरासारखं कुंड दिसलं की सीतेची न्हाणी. आमच्या तोरणमाळला खोल दरी आहे, पावसाळ्यात तिच्यात धबधबा कोसळतो, तिचं नाव सीता खाई. तिथेच गोरक्षनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला मध्य प्रदेश-गुजरातेतून चालत येणारी माणसं. सातपुड्यात ही जागा सीतेने आणि नाथांनी भरून काढली, सह्याद्रीत शिवाजी महाराजांनी. ज्या मुलखाचा जो आधार, त्याचं नाव वाटेला.

आता तिसरे आले ते साहेब. ही हकिगत मात्र साल-महिन्यासकट लिहिलेली आहे. मे १८५०. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा तळ चौक गावी पडला होता. उकाडा असणारच. समोरचा डोंगर बघून त्याला वर जावंसं वाटलं. वन ट्री हिलच्या बाजूने तो चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. बरोबर चौकचा पाटील होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला, एक झोपडी बांधली, आणि पुढे घर. त्या घराला ‘बाइक’ म्हणतात. (ज्या गावात मोटारगाड्यांना बंदी आहे तिथल्या पहिल्या बंगल्याचं नाव बाइक! माझ्या भाच्याला अख्ख्या इतिहासात एवढीच गोष्ट आवडली.) मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले झाले, पॉइंटांना नावं पडली. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर पोहोचली आणि गाव सगळ्यांचं झालं.

पुस्तकांत याला ‘माथेरानचा शोध’ म्हणतात. मॅलेटबद्दल माझी काही तक्रार नाही, हौशी माणूस असावा. पण ज्या वाटेने तो चढला ती वाट तिथे आधीपासून होती म्हणूनच चढला ना? ठाकूर, कातकरी, धनगर या डोंगरात राहत होते, हिरडा आणि मध गोळा करत होते, गुरं चारत होते. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान हे नावसुद्धा त्यांच्याच बोलीतलं. मॅलेटच्या नावाचा एक झरा आज माथेरानात आहे. पाटलाच्या नावाचा पॉइंट नाही.

हे वाचताना मला बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. पुण्याला जाता-येता तुम्ही त्याच्या देवळासमोर गाडीतून नाणं टाकलं असेल. डोंगरातून वाट कशी काढायची हे इंग्रज इंजिनिअरांना उमजेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली, आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं तेव्हा त्याला गोळी घातली, अशी लोककथा आहे. कथेत खरं किती हा वेगळा प्रश्न. पण लोकांनी वाट दाखवणाऱ्याचं देऊळ बांधलं, रुळांचा आराखडा काढणाऱ्याचं नाही, हे मला फार बोलकं वाटतं. नकाशा विसरला ते लोकांनी ध्यानात ठेवलं.

म्हणून मला ‘शिवाजीची शिडी’ हे नाव आवडतं. एल्फिन्स्टन आणि अलेक्झांडर यांच्या गर्दीत ते एकटं टिकून आहे. इंग्रजी नकाशातही ‘शिवाजीज लॅडर’ म्हणून जाऊन बसलं, पण गेलं नाही. ज्यांच्या वाटेने साहेब वर आला त्यांचं नाव कुठे लागलं नाही, पण त्यांच्या राजाचं तरी लागलं.

आता थोडं अवघड लिहायचं आहे.

ही शिडी आपल्यासाठी गंमत आहे. रविवारी पाठीवर सॅक टाकून चढायची, वर गेल्यावर फोटो काढायचा. पण त्याच वाटेवर आपल्याला ओलांडून सपासप पुढे जाणारी माणसंही भेटतात. कुणाच्या डोक्यावर भाजीची पाटी असते, कुणी वर हॉटेलात कामाला निघालेलं असतं. कुठून आलात विचारलं तर ‘खालून’ एवढंच सांगतात. शिवाजीच्या शिडीने आलो असं त्यांच्यातल्या कुणी मला आजवर सांगितलेलं नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूला कोण टोपणनाव घेऊन हाक मारतं?

१९ जुलै २०२३च्या रात्री शिडीच्या समोरच, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. मॅलेटचा तळ जिथे होता त्याच चौक गावाच्या वरची. वाडीला रस्ता नव्हता, पायवाट होती. पावसात, अंधारात, निसरड्या चढणीवरून मदतीला माणसं चालत गेली. एक अग्निशमन अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. मोठी यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्याने ढिगारा उपसला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली.

आणि आमच्या जिल्ह्याचं काय? धडगाव-अक्कलकुवा भागात बांबूला झोळी बांधून, खांद्यावर आजारी माणूस किंवा अडलेली बाई घेऊन मुख्य रस्ता गाठायचा, हे चित्र आपण वर्तमानपत्रात किती वर्षं बघतोय! त्या झोळीला आता ‘बांबुलन्स’ असं नावही पडलं आहे. टोपणनावं अशीही पडतात. हे नाव ऐकून पहिल्यांदा ओठ हलतात आणि लगेच आपली आपल्याला लाज वाटते.

तेव्हा जुन्या वाटांबद्दल गहिवरून लिहिताना माझा हात जरा अडखळतो. वाटेला सुंदर नाव आहे म्हणून ती तशीच राहावी, असं ती रोज न चढणाऱ्यानेच म्हणावं. नाव शिल्लक आहे आणि रस्ता आलेला नाही, यापेक्षा रस्ता आला आणि नाव विसरलं गेलं हे मला चालेल. तोरणमाळच्या सातपायरी घाटातून आता गाड्या जातात. त्या घाटाच्या नावातली पायरी गाडीत बसलेल्या पोराला पायाखाली कधीच लागणार नाही. न लागू दे. आईला दवाखान्यात नेताना गाडी मिळाली म्हणजे झालं.

पण दोन्ही का नको? रस्ता शासनाने करावा आणि नाव आपण लिहून ठेवावं. त्याला ना निधी लागतो, ना ठेकेदार. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नदीवर, शेतात, बाजाराला जायच्या वाटांची नावं विचारावी आणि वहीत उतरवावी, एवढंच. माझ्या वडिलांनी फोनवर पंधरा मिनिटांत अकरा वाटा सांगितल्या. त्यातल्या चार आता शेतात गेल्या आहेत, दोन डांबराखाली. एकीचं नाव ‘रडकी’, कारण लेकी सासरी निघाल्या की तिथपर्यंत त्यांना पोचवायला जायचे.

तुमच्याकडच्या वाटांची नावं कळवाल ना? मामी, तुम्हीसुद्धा. आळस नको.