दवाखान्याच्या उंबरठ्यावरचा माणूस

वैद्यकाचा इतिहास लिहिणारे बहुधा वैद्यांचा इतिहास लिहितात. कोणी कोणती लस शोधली, कोणत्या सालीं कोणतें महाविद्यालय निघालें, कोणत्या शल्यवैद्यानें कोणतें धाडस प्रथम केलें, या गोष्टींची नोंद आतां आमच्याकडे बरीच झाली आहे, आणि ती व्हावयास हवीच होती. परंतु दवाखाना म्हणजे केवळ डॉक्टर नव्हे. डॉक्टरच्या खोलीबाहेर एक टेबल असतें, त्या टेबलाशीं एक माणूस बसलेला असतो, आणि डॉक्टरपुढें हात करण्यापूर्वीं रोगी आपलें नांव, गांव व दुखणें प्रथम या माणसाला सांगतो. इंग्लंडांत त्याला रिसेप्शनिस्ट म्हणतात. महाराष्ट्रांत तें काम पिढ्यान्‌पिढ्या कंपौंडर करीत आला. त्याचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं व पुढेंही कोणी लिहील असें वाटत नाहीं. तथापि त्याच्या कामाचा विचार करण्याजोगा आहे, आणि तो येथें मालेगांवच्या निमित्तानें करावयाचा आहे. कारण हें काम त्या शहरांत जितकें अवघड, तितकें इतरत्र क्वचितच असेल.

कंपौंडर म्हणजे शब्दशः औषधें मिसळणारा. दारावर बसणें हें त्याचें मूळचें काम नव्हे. तें त्याच्याकडे ओघानें आलें. १८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, आणि १८५१ मध्यें तेथून पहिले पदवीधर बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकींच. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी यांनीं गोरगरिबांना मोफत औषधें देण्याचा परिपाठ ठेवला होता. डॉक्टर थोडे आणि रोगी असंख्य, अशा त्या काळांत डॉक्टरनें कागदावर इंग्रजी-लॅटिन संक्षेपांत चार ओळी लिहावयाच्या, आणि औषधाच्या खिडकींतील माणसानें त्या ओळींचें लाल किंवा पांढरें मिक्श्चर करून द्यावयाचें, अशी श्रमविभागणी आपोआपच झाली. रोग्यानें बाटली घरून आणावयाची. कंपौंडर तींत औषध भरी आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवी. त्या पट्टीच्या कडेला समान अंतरावर खांचे कापलेले असत. एक खांचा म्हणजे एक वेळचें औषध. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला व विणकराला वाचतां येईल अशी ही लिपि होती, आणि ती कोणत्याही महाविद्यालयांत शिकवीत नसत. पुढें १९४८ चा फार्मसी कायदा आला, औषधें तयार करण्याचें काम शिकलेल्या व नोंदलेल्या माणसांकडे जाऊं लागलें, कारखान्यांतून बांधीव गोळ्या येऊं लागल्या, आणि खल व मापाचा पेला हळूहळू अडगळींत गेला. कंपौंडरचें मिसळणें संपलें. टेबल मात्र राहिलें. आज त्या टेबलाशीं कोणी मुलगा वा मुलगी नंबर देत बसलेली असते, आणि औषध मिसळण्याशीं तिचा कांहींही संबंध नसतां जुने रोगी तिलाही कंपौंडरच म्हणतात.

विलायतेंत हीच जागा वेगळ्या वाटेनें निर्माण झाली. तेथें डॉक्टरचा दवाखाना बहुधा त्याच्या राहत्या घरांत असे, आणि दार उघडणें, निरोप घेणें, टेलिफोन उचलणें हीं कामें त्याची पत्नी विनावेतन करी. ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होऊन उपचार मोफत झाले व दारावरची गर्दी वाढली. १९६६ मध्यें डॉक्टरांच्या मदतनीसांच्या वेतनाचा ७० टक्के भाग सरकारनें उचलण्याचें ठरविल्यावर रिसेप्शनिस्ट ही पगारी नोकरी सर्वत्र रूढ झाली. म्हणजे तेथें दारावरच्या माणसाचें महत्त्व निदान सरकारी जमाखर्चांत तरी मान्य झालें. आमच्या खाजगी दवाखान्यांत तें बहुतेक ठिकाणीं डॉक्टरच्या मर्जीवरच राहिलें आहे.

आतां मालेगांवाकडे वळूं. मोसम नदीच्या कांठीं, गिरणेच्या संगमाजवळ वसलेलें हें गांव. नारो शंकर राजेबहादर यांनीं १७४० च्या सुमारास येथें भुईकोट किल्ला बांधला. १८१८ च्या मे-जूनमध्यें इंग्रजांनीं त्याला वेढा घातला, तेव्हां आंतील अरब शिबंदीनें मोठ्या निकरानें लढून अखेर किल्ला खालीं केला. शरणागतीच्या वेळीं त्यांना जो मराठी कागद लिहून देण्यांत आला, त्यांतील शब्दांचा नेमका अर्थ काय, यावरून मागून वाद उपस्थित झाला, आणि शेवटीं अरबांना अनुकूल असाच अर्थ मान्य करणें भाग पडलें. दारांत उभ्या असलेल्या माणसाचे शब्द आंतील माणसानें कसे घ्यावयाचे, हा प्रश्न या गांवाला तेव्हांपासूनच परिचित आहे, असें म्हटल्यास वावगें होऊं नये.

पुढें १८५७ चा उठाव व त्यानंतरचे दुष्काळ यांमुळें उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकरांचीं कुटुंबें दक्षिणेकडे आलीं व त्यांतील पुष्कळ येथें स्थायिक झालीं. हातमागांच्या जागीं विसाव्या शतकांत यंत्रमाग आले, आणि शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेंत पावणेपांच लाखांच्या घरांत गेली. या विणकरांची बोली उर्दू. भोंवतालच्या खेड्यांतून बाजाराला व दवाखान्याला येणाऱ्या शेतकऱ्याची बोली अहिराणी. कचेरीची व शाळेची भाषा मराठी; आणि डॉक्टरच्या कागदावरची इंग्रजी. या चार भाषा एकाच बांकावर शेजारी शेजारी बसतात, आणि त्या सर्वांना उत्तर देण्याचें काम टेबलाशीं बसलेल्या एकट्या माणसाचें असतें.

याची अडचण वरवर पाहणाऱ्यास दिसत नाहीं. ‘मना पोटमा दुखस’ याचें मराठी कोणालाही करतां येईल. परंतु दुखण्याची खरी भाषा इतकी सरळ नसते. विणकराची बायको ‘जी घबराता है’ म्हणते, तेव्हां तिला मळमळतें, कीं छाती धडधडते, कीं श्वास पुरत नाहीं, कीं घरांत कांहीं घडलें आहे? खेड्यांतली म्हातारी ‘कसंनुसं होतं’ एवढेंच सांगते. तिची घेरी, तिची अशक्तता आणि तिची उपासमार या तिन्ही गोष्टी त्या दोन शब्दांत सामावलेल्या असतात. ‘अंग मोडून येणें’, ‘कणकण’, ‘पित्त खवळणें’ यांना वैद्यकाच्या पुस्तकांत एकेक ठराविक प्रतिशब्द नाहीं. आणि कित्येकदां जें सांगावयास हवें तेंच रोगी सांगत नाहीं, कारण तें त्याला दुखणेंच वाटत नाहीं. मागावर काम करणाराला खोकला हा मागाच्या खडखडाटासारखाच नित्याचा झालेला असतो. तो कंबरदुखी घेऊन येतो. खोकल्याचें नांवही काढीत नाहीं. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणी करावी, असा नियम आहे. परंतु खोकला किती दिवसांचा, हें कोणी विचारलें तर तो नियम उपयोगाचा. बांकावर बसलेल्या माणसाचा खोकला अर्धा तास ज्याच्या कानांवर पडत असतो, तो टेबलाजवळचा माणूस. त्यानें आंत जाऊन दोन शब्द सांगितले तर निदान एका बाजूनें जातें, न सांगितले तर दुसऱ्या.

नांव लिहिण्याची गोष्टही अशीच. केसपेपरावर स्वतःचें नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव व आडनांव, अशी तीन खणांची मराठी वहिवाट आहे. मोमीन कुटुंबांतील नांवें या खणांत बसत नाहींत. म्हणून एकाच माणसाचे तीन वेळां तीन निरनिराळे कागद निघतात आणि मागचें औषध कोणतें होतें तें सांपडत नाहीं. जुन्या वळणाच्या हिंदु स्त्रीची अडचण निराळी. उखाण्यावांचून नवऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, हा तिचा नेम. आणि दवाखाना ही कांहीं उखाण्याची जागा नव्हे. मग शेजारीण तें नांव सांगे, किंवा बरोबरचें पोर सांगे, आणि अनुभवी कंपौंडर मुकाट्यानें लिहून घेई. वय विचारलें तर ‘मोठ्या दुष्काळांत मी एवढी होतें’ असें उत्तर मिळे. त्यावरून वर्षांचा हिशेब करणें हेंही त्याचेंच काम. हें ज्याला हंसूं येऊं न देतां करतां आलें, तोच या टेबलाला योग्य.

तिसरें काम नंबराचें. येथील यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारीं असते. इतर दिवशीं विणकर येतो तो पाळी संपवून किंवा पाळी बुडवून. आणि मजुरी विणलेल्या कापडावर असल्यामुळें बांकावर बसलेला प्रत्येक तास त्याच्या मजुरींतून वजा होत असतो. खेड्यांतल्या शेतकऱ्याला शेवटची एस. टी. गांठावयाची असते. दोघांचेंही म्हणणें खरें असतें. आणि त्या दोघांच्या मागें भिंतीला टेकून एखादा घामाघूम झालेला माणूस एक अक्षरही न बोलतां बसलेला असतो. त्याचा नंबर एकविसावा, परंतु त्याला पहिल्यानें आंत न्यावयास हवें असतें. ज्याला ओरडतां येतें त्याचें दुखणें नेहमींच मोठें असतें असें नाहीं, हें ओळखण्याची नजर पुस्तकानें येत नाहीं.

या अधिकाराचा दुरुपयोग होत नाहीं असें कोण म्हणेल? ओळखीच्या माणसाला मागल्या दारानें घेणें, चार आण्यांपासून पुढें जी कांहीं चाल असेल ती घेऊन नंबर वर सरकविणें, गरिबावर खेंकसणें आणि श्रीमंताला खुर्ची देणें, हे प्रकार सर्वांनीं पाहिलेले आहेत. चार वर्षें बाटल्या भरून पांचव्या वर्षीं स्वतःच डॉक्टर म्हणून पाटी लावणारे कंपौंडरही खेड्यापाड्यांत निघाले, आणि त्यांनीं लोकांच्या प्राणांशीं खेळ केला. परंतु या दोषांवरून त्या जागेचें महत्त्व कमी होत नाहीं. उलट तें सिद्धच होतें. ज्या जागेवरून इतकें बरेंवाईट होऊं शकतें ती जागा क्षुल्लक कशी?

इतिहासाकडे पाहिलें तर हें अधिक स्पष्ट दिसतें. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला, तेव्हां रुग्णालयाचें दार हें आधाराचें न राहतां भीतीचें झालें. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंतच मुसलमान विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. हे लोक औषधाचे शत्रु होते काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. सोजिरांना बरोबर घेऊन, मुलीची भाषा व घराची मर्यादा न जाणतां जें वैद्यक उंबरठा ओलांडतें, त्याला लोक भितात. याच प्लेगांत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत त्यांची आई सावित्रीबाई रोगी आणून पोंचवीत होत्या. त्यांच्यापाशीं वैद्यकाची पदवी नव्हती; लोकांचा विश्वास होता. ज्या दाराला मुंबईंत लोक दगड मारीत होते, तसल्याच दारांतून येथें ते आपल्या पायांनीं, किंवा सावित्रीबाईंच्या खांद्यावरून, आंत येत होते. त्याच साथीची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.

मालेगांवानें हाच धडा एकविसाव्या शतकांत दोन वेळां गिरविला. पोलिओच्या लशीविषयीं येथील कांहीं वस्त्यांत दीर्घकाळ संशय होता, आणि देशांतून हा रोग हटत आला असतांही २०१० मध्यें या शहरांत त्याचे रोगी आढळले. घोषणांनीं जें साधलें नाहीं तें गल्लींतल्या ओळखीच्या माणसांनीं घरोघर जाऊन, त्यांच्याच बोलींत समजावून साधलें. नंतर एप्रिल २०२० मध्यें कोरोनाची साथ येथें वेगानें पसरली, आणि भीतीनें पुष्कळ खाजगी दवाखाने बंद झाले. त्या दिवसांत नव्या रोगाची मोजदाद रोज होत होती. परंतु मधुमेहाचा, हृदयविकाराचा, दम्याचा जुना रोगी ज्या ओळखीच्या टेबलाशीं जात असे तें टेबलच जागेवर नव्हतें. मोठ्या रुग्णालयांत जावें तर भाषा परकी, पोषाखांत झांकलेले चेहरे परके, आणि आंत गेलेला माणूस परत दिसेल कीं नाहीं याची खात्री नाहीं. १८९६ ची भीति जशीच्या तशी परत आली. पुढें दवाखाने उघडले व गाडी रुळावर आली, परंतु दरम्यान जे घरींच गेले त्यांच्या मृत्यूचें कारण केवळ रोग एवढेंच लिहून भागणार नाहीं. बंद दार हेंही एक कारण होतें.

तेव्हां या लेखाचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच आहे कीं, दवाखान्याचें टेबल हें वैद्यकाच्या बाहेरचें नसून वैद्यकाचें पहिलें अंग आहे. निदानाला लागणारे शब्द तेथें गोळा होतात, आणि विश्वास तेथें जमतो किंवा तेथेंच उडतो. तरीही या कामासाठीं कोणी शिक्षण देत नाहीं, त्याचें वेतन सर्वांत कमी, आणि चाळीस वर्षें तें करून माणूस निवृत्त झाला तर त्याच्या हातीं पेन्शन राहत नाहीं. ज्या शहरांत रोगी तीन बोलींत बोलतात, तेथें त्या तिन्ही बोली कळणाऱ्या माणसाला शिपायाच्या रांगेंत बसविणें हें शहाणपणाचें नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही एक विनंती करावीशी वाटते. जुन्या दवाखान्यांच्या नोंदवह्या दरसाल रद्दींत जातात. त्यांत कोणत्या महिन्यांत कोणत्या गल्लींतून किती माणसें कोणती तक्रार घेऊन आलीं, हें एका सामान्य माणसाच्या हातानें दिवसानुदिवस लिहिलेलें असतें. रोग्यांचीं नांवें उघड न करतां त्या वह्या जपल्या, तर मागांच्या या शहरानें काय सोसलें याचा असा पुरावा हातीं येईल, कीं जो कोणत्याही सरकारी अहवालांत मिळणार नाहीं. ज्यानें तो लिहिला त्याचें नांव वहीवर बहुधा नसतें. अक्षर मात्र असतें, आणि तें वाचण्यासारखें आहे.