समोर कोण बसलंय?

मागच्या आठवड्यात ऑनलाइन रमीवर चार ओळी टाकल्या होत्या. त्यावर आसनगावच्या एका वाचकाचा मेसेज आला, "दादा, टेबलवर समोर जी नावं दिसतात ती खरंच माणसं असतात का हो?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण हा प्रश्न आपल्याला वाटतो त्याहून बराच जुना आहे आणि त्याची गोष्टही भारी आहे. म्हणून पोस्ट लांबली आहे. चहा घेऊनच बसा.

सप्टेंबर २००१. आपल्याकडे तेव्हा एसटीडी बूथवर रांगा होत्या. लंडनच्या 'संडे टेलिग्राफ' या पेपरात बातमी आली की इंग्लंडचा ग्रँडमास्टर निजेल शॉर्ट इंटरनेटवर एका अनोळखी खेळाडूशी बुद्धिबळ खेळतोय, आणि तो अनोळखी खेळाडू दुसरातिसरा कुणी नसून बॉबी फिशर आहे अशी त्याची जवळजवळ खात्री झाली आहे.

शॉर्ट म्हणजे ऐरागैरा नव्हे. १९९३ मध्ये जगज्जेतेपदासाठी तो कास्पारोव्हशी खेळला होता. आणि फिशर? १९७२ मध्ये आइसलँडला स्पास्कीला हरवून जगज्जेता झालेला अमेरिकन. १९७५ मध्ये अटींवरून भांडला आणि न खेळताच किताब सोडला. मग सतरा वर्षं गायब. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात पुन्हा स्पास्कीशी खेळला, पण त्या देशावर तेव्हा निर्बंध होते, म्हणून अमेरिकेने त्याच्यावर वॉरंट काढलं. पुन्हा गायब. असा माणूस नाव लपवून रात्रीबेरात्री नेटवर खेळत असेल, यावर विश्वास ठेवावासा वाटणारच की.

ते डाव तीन-तीन मिनिटांचे, म्हणजे विचार करायला सवडच नाही. समोरचा सुरुवातीला येडपटासारखा खेळायचा. वजीर, हत्ती, घोडे राहिले बाजूला, हा पठ्ठ्या पहिल्या काही चालींतच राजाला बाहेर काढून फिरवायचा. आपल्याकडे शाळेतला पोरगाही असं खेळला तर सर कान पिळतील. आणि एवढं करून नंतर तो शॉर्टसारख्या माणसाला धू धू धुवायचा. शॉर्टने त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. मेक्सिकोच्या एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूचं नाव टाकलं : असेवेदोला ओळखतोस का? क्षणात उत्तर आलं, झीगेन १९७०. जर्मनीतल्या झीगेनला त्या वर्षी ऑलिंपियाड झालं होतं आणि तिथे फिशर या असेवेदोशी खेळला होता. शॉर्टच्या अंगावर काटा आला असणार. माझ्या तर वाचतानाही आला होता.

बातमी जगभर गेली. फिशरने मात्र साफ नाकारलं. तो २००८ मध्ये रेक्याविकला वारला, तोवर त्याने हे कधी कबूल केलं नाही. आणि जाणकारांनी जेव्हा शांतपणे विचार केला तेव्हा एक साधंसं उत्तर पुढे आलं. झीगेनची माहिती कुठल्याही बुद्धिबळाच्या दप्तरात सापडते, त्यासाठी फिशर असावं लागत नाही. आणि सुरुवातीच्या येडपट चाली? समजा एखाद्याच्या हाताशी तगडा कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे. पहिल्या दहा चाली तो स्वतः मुद्दाम वाकड्यातिकड्या खेळतो, मग खेळ मशिनच्या हाती देतो. समोरच्याला वाटतं, केवढा हा माज, केवढी ही प्रतिभा! तो कोण होता हे कधी उघड झालं नाही. पण पडद्यामागे मशिन असावं, असंच आज बहुतेकांचं मत आहे.

गंमत बघा. त्याआधी चारच वर्षं, १९९७ मध्ये, आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने कास्पारोव्हला हरवलं तेव्हा कास्पारोव्हला उलटा संशय आला होता. ही चाल मशिनची नाही, आत कुणीतरी माणूस आहे! आणि १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने पगडीवाल्या तुर्काचा एक यांत्रिक पुतळा आणला होता, तो बुद्धिबळ खेळायचा. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळला. त्या पेटीत मात्र खरोखरच एक माणूस दडून बसलेला असायचा. तेव्हा लोक मशिन समजून माणसाशी खेळत होते. आता माणूस समजून मशिनशी खेळतात.

याचा शेवटचा मोठा प्रसंग २०१६ सालच्या डिसेंबर अखेरचा. गो नावाचा पटावरचा खेळ चीन, जपान, कोरियात खेळतात. तिथल्या गेमिंग साइटवर 'मास्टर' नावाचा एक खेळाडू उगवला. ना फोटो, ना गाव. एकामागून एक व्यावसायिक खेळाडू गारद. चीनचा गु ली हा नामवंत खेळाडू म्हणाला, याला जो पहिला हरवेल त्याला माझ्याकडून एक लाख युआन. ते बक्षीस कुणालाच घेता आलं नाही. साठ डाव जिंकल्यावर, ४ जानेवारी २०१७ ला, गुगलच्या डीपमाइंड कंपनीच्या डेमिस हस्साबिस यांनी जाहीर केलं की 'मास्टर' म्हणजे आमचं अल्फागो, आम्ही चाचणी घेत होतो. हरलेल्यांनी कपाळाला हात लावला, काहींनी कौतुकही केलं.

हे सगळं गोड वाटतं, कारण यात हरणाऱ्याचे पैसे गेले नाहीत. आपल्याच देशात जून २०२१ मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याशी नामवंतांचे ऑनलाइन डाव झाले. झेरोधाचे निखिल कामत चक्क आनंदना हरवून बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच कबूल केलं की जाणकार माणसांची आणि कॉम्प्युटरची मदत घेतली होती. चार दिवस हसू झालं, विषय संपला.

आता म्हणाल, याचा शहापूर-मुरबाडशी संबंध काय? तर तोच सांगायचा आहे.

कसारा लोकलमध्ये संध्याकाळी चार जण मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्ते कुटतात. वर्षानुवर्षं तेच चार. कुणाला बदामचा राजा टाकायचं जिवावर येतं, कोण हात चांगला आला की गप्प होतो, सगळं एकमेकांना पाठ. रमीतलं कौशल्य म्हणतात ते हे. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सत्यनारायण खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. कारण काय दिलं? पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला धरायचा आणि कुठला टाकायचा यात अक्कल लागते. ऑनलाइन रमीच्या कंपन्यांनी हाच निकाल ढालीसारखा वापरला. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की त्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हा उत्तरार्ध जाहिरातीत कधी ऐकलाय का? मी तरी नाही.

आणि तो निकाल टेबलाभोवती बसलेल्या हाडामांसाच्या माणसांबद्दल होता. समोर माणूसच नसेल, पत्ते पिसणारा आणि खेळणारा एकाच मालकाचा असेल, तर तुम्ही पडलेला पत्ता लक्षात ठेवून करणार काय? तुमचे तेरा पत्ते ज्याला दिसू शकतात त्याच्यासमोर कसलं कौशल्य?

आपल्या जत्रेत तीन पत्त्यांचा खेळ मांडून बसलेला इसम सगळ्यांनी बघितलाय. घोळक्यातला एक जण पटापट पैसे जिंकत असतो. तो त्याचाच माणूस असतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं, म्हणून ती हात धरून पुढे ओढून न्यायची. मोबाईलमध्ये घोळकाच दिसत नाही. 'रमीकिंग', 'लकी भाई' अशी नावं तेवढी दिसतात, शेजारी पिवळं हसरं तोंड. मुरबाड एमआयडीसीतल्या एका कामगाराने मला सांगितलं की पहाटे तीनला टेबल उघडलं तरी चार सेकंदांत समोर खेळाडू हजर असायचे आणि कुणीच विचारात पडायचं नाही. तो मात्र म्हणत होता, "त्यातला एक लई भारी होता, त्याला एकदा हरवायचंच होतं." सात महिने तो त्या एका नावाच्या मागे होता. मोटरसायकल गेली, बायकोचं डोरलं गेलं. ते नाव माणसाचं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. तोही सांगू शकत नाही. निजेल शॉर्टलाही सांगता आलं नव्हतं. पण शॉर्टला त्याची किंमत मोजावी लागली नाही.

हा संशय नुसता माझ्या डोक्यातला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईडीने एका मोठ्या गेमिंग कंपनीच्या दोन्ही संस्थापकांना अटक केली. ग्राहकांना कळू न देता त्यांना सॉफ्टवेअरविरुद्ध पैसे लावून खेळवलं, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. आरोप आहे, कोर्टात सिद्ध व्हायचा आहे, हे मी पत्रकार म्हणून स्पष्ट लिहितो. पण वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात निम्मं आलं.

जुलै २०२५ आठवत असेल. विधान परिषदेत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ फिरला. गेम आपोआप उघडला, मी तो बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांचं खातं बदललं आणि मिळालं क्रीडा! आम्ही सगळ्यांनी त्यावर पोटभर विनोद केले. पण या ॲपवर समोरचा खेळाडू कोण असतो, तो माणूस आहे हे कोण तपासतं, असा प्रश्न ना सभागृहात जोरात आला, ना आमच्या बातम्यांत.

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे चांगलं केलं. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच थांबवले, काही कोर्टात गेल्या. माझं मत विचाराल तर बंदी ठीक आहे, पण आधी जे खेळून बसले त्यांच्या टेबलवर कोण होतं, याचा हिशोब कंपन्यांच्या सर्व्हरमधून बाहेर यायला हवा. कोण, कुठून, किती वाजता खेळलं याची नोंद सर्व्हरवर राहते. तीच नोंद सरकारने मागावी. कर्ज फेडणाऱ्या घरांना निदान कळेल तरी की पैसे दुसऱ्या खेळाडूने नेले की दुकानदारानेच.

तोवर एक नवीन प्रकार सुरू झालाय, तो लिहून थांबतो. प्ले स्टोअरवर नसलेली रमीची आणि 'कलर'ची ॲप आता टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून फोनमध्ये शिरतायत. मालक कुठल्या देशात बसलाय तेही समजत नाही. पहिले शंभर-दोनशे जिंकून देतात, जत्रेतल्यासारखंच. कुणाचे पैसे अडकले असतील तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ॲप घाईने डिलीट करू नका. आणि ज्यांनी अशा टेबलवर पैसे घालवलेत त्यांनी मला इनबॉक्समध्ये एवढंच कळवा : किती वाजता खेळायचात आणि समोरचा पत्ता टाकायला किती वेळ घ्यायचा. नाव छापणार नाही. शहापूर आणि मुरबाडमधून अशा नोंदी जमल्या तर एकत्र करून ठाणे ग्रामीण पोलिसांकडे देतो.